मॅडमचा टोस्ट

हॉस्टेलमध्ये कोणाचाही वाढदिवस असला की मैत्रिणी केकचा खोका आधी माझ्या हातात देतात आणि हसत बसतात. मी खोका उलटा करते आणि खालची बारीक अक्षरं वाचते. मला स्वतःला काहीच बाधत नाही. दगड खाल्ला तरी पचेल, असं आमची याडी, म्हणजे माझी आई, म्हणते. तरी हात आपोआप खोका उलटा करतो. परवा यवतमाळच्या एका बेकरीत मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, या ट्रेमध्ये याच्या आधी काय भाजलं होतं? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातलं भांडण विचारलं. मैत्रिणी म्हणाल्या, हे खूळ कुठून आणलंस? मी म्हटलं, गावंडे मॅडमकडून. मग त्या कोण ते सांगायला लागले आणि लक्षात आलं की हे बोलून होणार नाही, लिहावं लागेल. परीक्षेच्या पेपराशिवाय मी आजवर काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

आमचा तांडा घाटंजीपासून बराच आत आहे. सगळी घरं बंजाऱ्यांची. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरायचे. आता आम्ही कापूस आणि तूर लावतो, आणि दिवाळीच्या सुमारास अर्धा तांडा घरांना कुलूप लावून ऊसतोडीला जातो. त्या तांड्याच्या सातवीपर्यंतच्या शाळेत गावंडे मॅडम बदलून आल्या. त्या महागावकडच्या, चांगल्या शेतीवाल्या कुणब्याच्या घरातल्या. उंच, बारीक, साडीवर पुरुषांसारखे कापडी बूट. स्कूटीवरून यायच्या आणि हेल्मेट वर्गाच्या खिडकीच्या गजाला अडकवायच्या. शाळेला घंटा होती, पण ती कोणी ऐकायचं नाही. गजाला हेल्मेट दिसलं की शाळा भरली, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

नवा खडू त्या आधी मधोमध मोडायच्या आणि मगच लिहायला घ्यायच्या. का, ते कधी सांगितलं नाही. गळा अजिबात नव्हता, पण प्रार्थना सगळ्यांत मोठ्यानं त्याच म्हणायच्या. एरवी आम्हाला 'तू' म्हणायच्या आणि रागावल्या की 'तुम्ही'. पहिलीतल्या शेंबड्या पोराला मॅडमनी "तुम्ही जरा इकडे येता का?" असं म्हटलं की सगळा वर्ग गप्प व्हायचा. आणि त्यांच्या खांद्याला एक काळी पर्स असायची. ती झेंडावंदनालाही निघायची नाही. तिच्यात सोनं आहे असं पोरं म्हणायची.

त्या तांड्यात कोणाकडे काही खात नव्हत्या. पाणी प्यायच्या, कोरा चहा घ्यायच्या, पण घास नाही. पहिल्या दिवशी तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, त्यांच्या घरी त्यांच्यासाठी पोहे केले होते. आमच्याकडे पोहे म्हणजे वरून मूठभर फल्लीदाणे आलेच. फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग. मॅडमनी ताटलीकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, आज माझा उपास आहे.

आता आमच्या भागात उपास आहे म्हणणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत असायला हवं होतं. नाईकांची बायको, जिला सगळा तांडा नायकण म्हणतो, ती लगेच उठली. उपासाची बाई घरी आली आणि उपाशी गेली तर पाप लागतं. तिनं घाईघाईनं फल्लीदाणे भाजले, कुटले, गूळ घातला आणि गरम गरम लाडू वळून समोर ठेवले. मॅडमनी ते लाडू पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. उपासाला गूळ चालत नाही, असं काहीतरी त्या बोलल्या. दुसऱ्या घरी गेल्या तर तिथं उपासाची म्हणून साबुदाण्याची उसळ आली, तीही कूट घातलेली. तिसऱ्या घरी राजगिऱ्याची चिक्की आली, त्यातही दाणे. जितक्या वेळा त्या उपास म्हणाल्या तितक्या वेळा तांड्यानं प्रेमानं फल्लीच पुढे केली.

महिनाभरात बोलणं पसरलं. मॅडमचा रोजचाच उपास कसा, असं बाया हातपंपावर बोलायच्या. मग कोणीतरी ते म्हटलंच, की कुणब्याची बाई आहे, आपल्या हातचं तिला चालत नाही. आमच्या घरीही हेच ठरलं. माझे बापू फार कमी बोलतात. ते इतकंच म्हणाले, "जे आपल्या घरचा घास घेत नाही, त्याचं आपन कायले ऐकाव?"

हे ऐकणं महत्त्वाचं होतं, कारण मॅडमचं खरं काम शाळेत कमी आणि घरोघरी जास्त होतं. दिवाळी जवळ आली की त्या संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसायच्या आणि सांगायच्या, तुम्ही तोडीला जा, पण पोरांना मागे ठेवा. लोक ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे आणि जाताना पोरांना घेऊन जायचे. पहिल्या वर्षी मॅडमच्या सांगण्यावरून एकही पोर मागे राहिलं नाही.

ही कोंडी फोडली नायकणीनं. एके दिवशी ती डब्यात लाडू घेऊन थेट वर्गात आली. आमचा भागाकार चालू होता. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, एक तं हा उपास सोड, नाही तं सांग, आमच्या हाताले काय झालं?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्या पोरांना उठून उभं राहावं लागलं.

"हाताले काही नाही झालं, नायकण. मले फल्ली जमत नाही. जराशी पोटात गेली तं गळा सुजते, श्वास बंद होते."

"फल्लीनं? अवं ते तं गरिबाचे बदाम हाय."

"बदामबी नाही जमत."

नायकणीनं कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "मंग जगते कायवर तू?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि त्यांनी ती काळी पर्स उघडून दाखवली. आत गोळ्या होत्या आणि डॉक्टरांनी दिलेलं एक इंजेक्शन. सोनं नव्हतं, म्हणून काही पोरांचा हिरमोड झाला. नायकणीनं विचारलं, एवढी साधी गोष्ट आधी काहून नाही सांगितली? तेव्हा मॅडमनी सांगितलं की आधीच्या एका गावात सांगितली होती. तिथं कोणाला तरी ते नाटक वाटलं, आणि खरंच काही होतं का ते बघायला भाजीत कूट घालून दिला. त्या दिवशी त्या जेमतेम वाचल्या. तेव्हापासून सांगण्यापेक्षा उपास बरा वाटतो. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. नायकणीनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा पदराखाली झाकून घेतला, जसा काही त्या लाडवांचा वारासुद्धा मॅडमना लागू नये.

पण प्रश्न सुटला नव्हता. आमच्या घरांत कूट भाजीत असतो, चटणीत असतो, त्याच खलबत्त्यात मसाला कुटतात, त्याच हातानं भाकरी थापतात. घरचं काही मॅडमना देणं शक्यच नव्हतं. मग राहिलं दुकानचं. पाहुणा आला की पोराला दुकानात पिटाळून चहासोबत बिस्कीट नाहीतर टोस्ट आणायचा, ही आमच्याकडची मानाची रीत. मॅडमनी ठरवलं की सगळ्यांना परवडेल, तांड्यातल्या फुलसिंगच्या दुकानात मिळेल आणि आपल्याला चालेल असा एक तरी जिन्नस शोधायचा. म्हणजे कोणत्याही घरी बसता येईल.

तो शोध आम्ही वर्षभर पाहिला. मॅडम दर आठवड्याला नवी पाकिटं आणायच्या, त्यांच्यावरची अक्षरं फळ्यावर मोठी करून लिहायच्या आणि आम्हाला वाचायला लावायच्या. माझी इंग्रजी बिस्किटाच्या पाकिटावर सुरू झाली, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. 'कन्टेन्स' म्हणजे यात आहे. 'मे कन्टेन' म्हणजे काय, ते मॅडमनी वऱ्हाडीत सांगितलं, "असंलबी अन् नसंलबी." पोरांनी तो शब्द उचललाच. गृहपाठ केला का, तर "मे कन्टेन". उद्या शाळेत येशील का, तर "मे कन्टेन". मॅडम मात्र या शब्दावर एकदाही हसल्या नाहीत. ज्या पाकिटावर तो शब्द असेल ते त्या आम्हाला वाटून टाकायच्या. त्यामुळे तो शब्द सापडावा म्हणून आम्ही मनातल्या मनात प्रार्थना करायचो.

घाटंजीच्या बाजाराला याडीबरोबर गेले होते तेव्हा मी त्यांना एका जुन्या बेकरीसमोर पाहिलं. बेकरीवाले चाचा पिठानं पांढरे झालेले. मॅडमनी नानकटाईकडे बोट दाखवून विचारलं, इसमें फल्ली है क्या? चाचांनी एक नानकटाई मोडून दाखवली.

"एक दाना नहीं, मॅडम. देख लो."

"दाना नहीं. फल्ली है क्या?"

"फल्ली का तो आटा है. दाना कहाँ है?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग टोस्टच्या ट्रेकडे पाहून त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, याच्या आधी या ट्रेमध्ये काय भाजलं? चाचांनी विचार करून खरं ते सांगितलं, नानकटाईच. मॅडमनी सगळं समजावल्यावर ते बराच वेळ भट्टीकडे बघत राहिले. पहिला टोस्ट त्यांच्यासाठी वेगळा भाजून द्यायची त्यांची तयारी होती. पण शेवटी स्वतःच म्हणाले, "मैं मेरी जबान दे सकता हूँ मॅडम. भट्टी की जबान कैसे दूँ?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हे वर्गात सांगितलं. बाकी सगळे दुकानदार 'घ्या, काही होत नाही' म्हणाले होते. हा एकटा 'घेऊ नका' म्हणाला. पुढे दर बाजाराला मॅडम त्या बेकरीत काहीच विकत न घेता चाचांची विचारपूस करून यायच्या. आणि तो टोस्ट सुचवलाही चाचांनीच. एका कारखान्यात फक्त टोस्ट आणि खारी बनते, दुसरं काही नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या बेकरीच्या धंद्याविरुद्धची गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली.

मॅडमनी त्या टोस्टचं पाकीट मिळवलं आणि त्यावरच्या नंबरवर फोन केला. फोनवरच्या मुलीला काही माहीत नव्हतं. मॅडम पुन्हा पुन्हा फोन करत राहिल्या. शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचं फोनवरचं हिंदी आम्हाला पाठ झालं होतं. शेवटी कारखान्यातला कोणी मोठा माणूस फोनवर आला आणि त्यानं सांगितलं की तिथं फल्ली, काजू, बदाम असलं काही आतच येत नाही. तरी मॅडमनी तो टोस्ट पहिल्यांदा खाल्ला तो घाटंजीत डॉक्टरांना सांगून, दवाखान्याच्या पायरीवर बसून. कोणताही नवा जिन्नस असला की त्या आधी दवाखान्याच्या पायरीवर खायच्या. नायकण एकदा त्यांच्यासोबत गेली होती. ती सांगायची, लोक देवाच्या पायरीवर बसतात, आमची बाई डॉक्टरच्या पायरीवर बसून टोस्ट खाते.

काही झालं नाही. टोस्ट चालला.

आता तो फुलसिंगनं दुकानात ठेवायला हवा होता. तो सगळं सुटं विकायचा. ज्या हातानं फल्ली मोजायचा त्याच हातानं बरणीतली बिस्किटं काढायचा. त्याचं म्हणणं, एका बाईसाठी पूरा खोका कोण आणते? नायकण तिथंच उभी होती. ती म्हणाली, "आन तू. पूरा तांडा खाईन." आणि खरंच खाल्ला. लेकरांच्या चहात तोच, म्हाताऱ्यांच्या दुधात तोच. त्याचं नावच 'मॅडमचा टोस्ट' पडलं. पाकिटावरचं खरं नाव आजही आमच्या तांड्यात कोणी घेत नाही.

मी सातवीत होते तेव्हाची दिवाळी. बापूंचं नक्की झालं होतं की यंदा मला सोबत न्यायचं. धाकटा भाऊ लहान, त्याला कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, सांभाळायला कोणी हवं होतं. पुस्तकं एका पिशवीत बांधून मी आढ्याला टांगून ठेवली होती, उंदरांनी खाऊ नये म्हणून. परत येईपर्यंत परीक्षा होऊन जाणार, आणि मग घाटंजीच्या हायस्कुलात आठवीला कोण घेणार? हे मला कळत होतं. घरात बोलायची हिंमत नव्हती.

मॅडम आल्या. बापूंनी खाट टाकली. याडीनं फुलसिंगकडून टोस्ट मागवून ठेवला होता. पण पाहुण्याच्या हातात बंद पाकीट देणं आमच्याकडे चांगलं दिसत नाही, दुकानदारासारखं वाटतं. म्हणून तिनं पाकीट फोडलं, स्टीलचं ताट पदरानं पुसलं आणि त्यावर टोस्ट गोल मांडून आणले. फार सुंदर मांडले होते. मॅडमनी एक उचलला. तोंडाजवळ नेला. आणि हात थांबला.

मी बापूंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते खाली बघायला लागले होते.

"ताई," मॅडम याडीला म्हणाल्या, "याच्या आधी या ताटात काय होतं?"

"काही नाही मॅडम. दुपारी फल्ली सोलून राह्यलती..."

ती मध्येच थांबली. तिचा हात तोंडावर गेला. मॅडमनी टोस्ट हळूच ताटात ठेवला, उठून हात-तोंड धुतलं आणि पुन्हा खाटेवर येऊन बसल्या. मला वाटलं, संपलं. आता त्या उठतील, हात जोडतील आणि जातील.

पण बापू उठले. पायात चप्पलही न घालता बाहेर गेले. मॅडम याडीला कापसाचं विचारत बसल्या. थोड्या वेळानं बापू परत आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते, हातपंपावर धुतलेले. दोन्ही हातांत टोस्टचं नवं पाकीट होतं, बंद. ते तसंच त्यांनी मॅडमपुढे धरलं. आमच्या घरात पाहुण्याला बंद पाकीट देण्याची ती पहिली वेळ.

मॅडमनी पाकीट उलटं करून वाचलं. नेहमीचाच टोस्ट, तरी शेवटपर्यंत वाचलं. मग फोडलं, एक टोस्ट कोऱ्या चहात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. बापू समोर उकिडवे बसून बघत होते. तिसरा टोस्ट संपला तेव्हा ते म्हणाले,

"आता बोला, मॅडम."

मॅडमना फार बोलावं लागलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की पोरगी ठेवा, नायकणीकडे राहील, मी रोज बघीन. बापूंनी विचार केला. धाकट्याचं कसं करायचं, यावर याडी आणि ते आमच्या गोरबोलीत थोडं बोलले. मग त्यांनी उठून आढ्याची पिशवी खाली काढली. त्या वर्षी आमच्या घरातून मी मागे राहिले. तांड्यातून आणखीही पोरं राहिली. प्रत्येक घरी मॅडमनी टोस्ट खाल्ला होता. नायकण म्हणायची, बाईचं पोट टोस्टाचं झालं.

त्यानंतर तांड्यात रीतच पडली. मॅडम आल्या की हात धुवायचे आणि पाकीट बंदच द्यायचं. पुढे पुढे नवे पाहुणे आले तरी बाया चुकून बंद पाकीट पुढे करायच्या, आणि पाहुणे बुचकळ्यात पडायचे.

मी आठवीला घाटंजीला जायला लागले. दोन-तीन वर्षांनी मॅडमची बदली ढाणकीकडे झाली. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम तांड्यावर थांबले. शाळेनं शाल दिली, नाईकांनी नारळ दिला. भाषण करता करता मॅडम मध्येच फळ्याकडे वळल्या, नवा खडू घेतला, मधोमध मोडला आणि काहीच न लिहिता तसाच ठेवून दिला. त्या बाहेर आल्या तेव्हा स्कूटीजवळ अख्खा तांडा उभा होता. साडी-चोळी कोणी आणली नव्हती. प्रत्येक घराच्या हातात एकेक टोस्टचं पाकीट होतं. बंद. पुढची जाळी भरली, डिकी भरली, मागच्या सीटवर पिशवी बांधली, तरी पाकिटं उरली. बापूंनी आपलं पाकीट दोन्ही हातांनी दिलं. त्यांचे हात ओले होते.

मॅडमनी हेल्मेट घातलं आणि निघाल्या. आम्ही रस्त्यावर बघत राहिलो. नाल्यावरच्या पुलाजवळ पोचल्यावर स्कूटी थांबली. काही पडलं असेल असं वाटून पोरं धावायला निघाली, तर नायकणीनं त्यांना अडवलं. मॅडमनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. जाळीतलं एक पाकीट घेतलं. ते उलटं केलं आणि उन्हाकडे धरून वाचायला लागल्या. एवढ्या लांबून त्यांचे ओठ दिसत नव्हते, पण त्या एकेक अक्षर वाचत आहेत हे आम्हाला कळत होतं. वाचून होईपर्यंत तांड्यातलं कोणी हललं नाही.

मग त्यांनी पाकीट फोडलं आणि आम्हा सगळ्यांना दिसेल असा हात उंच धरून एक टोस्ट बाहेर काढला.